दुसऱ्याच्या नावाचा अंतरा

शास्त्रीय गाण्याची थोडीफार आवड असेल, तर नरहरबुवा मुल्हेरकरांची भीमपलासातली ‘दिन ढलत’ ही चीज तुमच्या कानावरून गेलेली असणार. आमच्या नाशकात तर पेटी-तबल्याच्या क्लासला जाणारं पोरही ती गातं. ही चीज नरहरबुवांची नाही. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर असलेल्या धोंडीराम गांगुर्डे नावाच्या माणसानं ती बांधली, कंपनीच्या बसमध्ये, आडगावच्या जरा अलीकडे, आणि तिला पहिला ठेका मिळाला तो माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यावर. मी त्याच कारखान्यात रंगखात्यात होतो आणि उरलेल्या वेळात तबलजी. हे सगळं कोणाला न सांगण्याचा शब्द धोंडीरामानं दिला होता, मी नाही. मी भेटेल त्याला सांगत आलोय. ऐकणारा हसतो, चहा पाजतो आणि म्हणतो, बारकूभाऊ, तुमची मैत्री मोठी.

धोंडीराम मूळचा चांदवड तालुक्यातला. घरची कांद्याची शेती, वडील भजनी मंडळात टाळ धरायचे, तेवढाच काय तो गाण्याचा वारसा. आयटीआय करून नाशकाला आला, कारखान्यात चिकटला, आणि सिडकोत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेऊन बायको मीना आणि मुलगी वेदिका यांच्यासह संसाराला लागला. अंगानं आडवा, आवाज जाड, बोलणं कमी. पहिल्या नजरेत माणूस बघून कोणी म्हणेल, हा गोणी उचलेल. त्यानं रविवारी सकाळी पंचवटीत जाऊन नरहरबुवांसमोर मांडी घालून बसावं, हे बुवांच्या बाकीच्या शिष्यांना गमतीचं वाटायचं. ते सगळे बँकेतले, शाळेतले, इस्त्रीच्या कपड्यातले. धोंडीरामाच्या बोटांना ऑइलचा वास यायचा आणि तो लपवायला तो तंबोरा धरण्याआधी दोनदा हात धुवायचा.

बुवा गाणारे म्हणून खरंच मोठे होते. पण त्यांचं सगळं वैभव वरच्या सुरांत. तार षड्जावर एकदा चढले की लहान पोर झाडावर चढून बसावं तसे खाली यायला तयार नसायचे. शिकवायचे ते गुरूकडून आलेलं, जसंच्या तसं. स्वतः चीज बांधायच्या भानगडीत ते जवळजवळ पडलेच नाहीत. एका शाळेसाठी स्वागताचं काहीतरी बांधलं होतं आणि त्याचीही त्यांना लाज वाटायची.

धोंडीरामाला मात्र बांधण्याचंच वेड होतं. गायला बसला की तो बरा गायचा, बस्स. पण शब्द आणि सूर एकमेकांत बसवायला घेतले की त्याचा चेहराच बदलायचा. आता हे सांगायला हवं, की त्याच्या चिजा इतरांपेक्षा वेगळ्या कशा होत्या, कारण पुढची सगळी कर्मकथा त्यावरच उभी आहे.

चिजेचा पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. अंतरा म्हणजे वर चढायचं, तार षड्ज गाठायचा, हे सगळ्या जगाला ठाऊक. धोंडीरामाचा अंतरा खाली उतरायचा. स्थायीपेक्षाही खाली, मंद्रात, जिथं आवाज छातीत घुमतो आणि शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. आणि चिजेची सुरुवात, जिला आम्ही मुखडा म्हणतो, ती तो नेहमीच्या जागेवरून उचलायचाच नाही. ती जागा जाऊ द्यायचा, दोन-तीन मात्रा गप्प बसायचा, आणि आता गडी विसरला असं तबलजीला वाटेपर्यंत थांबून मग घाईघाईनं समेवर यायचा. पहिल्यांदा मी त्याला शिव्या घातल्या होत्या. नंतर त्या थांबण्याची चटकच लागली.

हे खाली उतरणं त्याला सुचलं कुठून, तर त्याचं उत्तर सिडकोतल्या त्या घरात आहे. खालच्या मजल्यावर झिपरू भोये राहायचा. पेठकडचा डोंगरातला माणूस, अंबडला एका कंपनीत रात्रीचा वॉचमन. दिवसा झोपायचा. धोंडीराम पहिल्या पाळीहून दुपारी घरी यायचा आणि गायला बसायचा, की झिपरू वर यायचा. भांडायचा नाही बिचारा. दारात उभं राहून म्हणायचा, “दादा, तुमचा गाना बेस हाय, पन जरा हळू गा ना. रातभर मी जागाच असतो.” भांडला असता तर धोंडीरामानं ऐकलं नसतं. पण अशा बोलण्यापुढे माणूस काय करणार? त्यानं वरचे सूर सोडून दिले. दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, खाली खाली गुणगुणत तो चिजा बांधायला लागला. हळूहळू त्याला वरचे सूर सुचेनासेच झाले. मला म्हणायचा, “बारकूभाऊ, वर गेलो की कोनीतरी दार वाजवील असं वाटतं.” मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बुवांच्या घरचा एक दंडक होता. चीज बांधणारा आपलं नाव अंतऱ्यात गुंफतो, ती त्याची सही. पण शिष्यानं हे नाव आपलं आपण घ्यायचं नाही. गुरूनं द्यायचं. नाव मिळाल्याशिवाय बांधलेली चीज म्हणजे बिनलग्नाचं पोर, असं बुवा म्हणायचे, आणि हे ते विनोदानं म्हणत नसत. धोंडीरामानं धीर करून त्यांना ‘दिन ढलत’ची फक्त स्थायी ऐकवली होती. बुवांनी ती पुन्हा एकदा म्हणायला लावली आणि म्हणाले, “गुरुपौर्णिमेला ये. नाव देतो.” धोंडीरामानं ही गोष्ट बसमध्ये मला सांगितली तेव्हा हा आडवा माणूस लग्न ठरल्यासारखा लाजत होता. हे एक्क्याण्णव सालचं. त्याच वैशाखात बुवा गेले. गुरुपौर्णिमा आषाढात.

वर्षानं पहिली पुण्यतिथी आली. बुवांची मुलगी मोहिनीताई, बिनलग्नाच्या, वडिलांसाठी उभा जन्म दिलेल्या. त्यांनी पंचवटीतल्या एका लहानशा सभागृहात कार्यक्रम ठेवला. प्रत्येक शिष्यानं एक चीज गायची. धोंडीरामानं ठरवलं, गुरूला आवडली होती तीच गायची. पण अंतऱ्यात नावाची जागा रिकामी. स्वतःचं घालता येत नाही, कारण मिळालेलं नाही. जागा सोडता येत नाही, कारण ओळ लंगडी होते. त्यानं काय करावं? बुवांचं नाव घातलं.

दिन ढलत, मोहे कौन बुलावे,
खुला द्वार, पग उठ ना पावे।
छाया उतरत सगरे आँगन,
नरहरदास कछु कह ना पावे॥

“देवाला फूल वाहतो तसं वाह्यलं,” तो मला म्हणाला. दुसऱ्या कुठल्या क्षेत्रातला माणूस असा वेडेपणा करणार नाही. सुतार खुर्ची बनवून तिच्यावर मेलेल्या सुताराचं नाव कोरतो का? पण गाण्यात गुरुभक्ती नावाचा रोग आहे आणि तो साध्या माणसांना आधी होतो.

चीज झाली. पहिल्या रांगेतून वैशंपायन सर उठले. हे कॉलेजात प्राध्यापक, वर्तमानपत्रात गाण्याबद्दल लिहायचे, आणि नाशिकच्या गाण्याचे बिनपगारी तहसीलदार होते. त्यांनी दाखला दिला की माणूस गवई, नाही दिला की हौशी. सर म्हणाले, “आज आपण बुवांची एक अप्रकाशित रचना ऐकली. बुवांनी अखेरच्या काळात मंद्राचा असा विचार केला होता, याची आपल्याला कल्पनाही नव्हती.” टाळ्या पडल्या. धोंडीरामानं तोंड उघडलं, तेवढ्यात मोहिनीताई रडत त्याच्याजवळ आल्या. त्याचे हात धरून म्हणाल्या, “बाबांनी मलासुद्धा ही दिली नव्हती, धोंडीराम. तुमच्याजवळ राहिली, बरं झालं.” सगळी सभा त्या दोघांकडे डोळे पुसत बघत होती. तिथं हा काय सांगणार, की ताई, ही तुमच्या बाबांची नाही, माझी आहे? त्यानं तोंड मिटलं.

घरी येताना मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, “उद्या जाऊन सांगतो.” उद्याचं परवा झालं, परवाचा महिना झाला. पुढच्या पुण्यतिथीला मोहिनीताईंनी आपणहून विचारलं, बाबांनी आणखी काही दिलंय का? आणि इथं खरी गोम आहे. धोंडीरामाजवळ चिजा होत्याच. चंद्रकंसातली होती, मुलतानीतली होती, एक अडाण्यातली, म्हणजे वरच्या सुरांत खेळणाऱ्या रागातली, होती जी अडाण्यासारखी मुळीच नव्हती. फिटर गांगुर्डेच्या चिजा ऐकायला कोणी कुत्रं आलं नसतं. नरहरबुवांच्या चिजा ऐकायला सभागृह भरत होतं. भुकेल्या माणसापुढे भरलेलं ताट आलं, ताटावर दुसऱ्याचं नाव कोरलेलं होतं एवढंच. तो जेवला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आजही थोडा आहे. पण मी भुकेला नव्हतो, हेही खरं.

मग दरवर्षी एक चीज. लोक वाट बघायला लागले. वैशंपायन सरांनी दिवाळी अंकात लांबलचक लेख लिहिला. बुवांच्या उतारवयातलं अंतर्मुख होणं, तार षड्जाचा मोह सोडून मंद्राकडे वळणं, ‘मुखड्याआधीचा मौनाचा अवकाश’ आणि असं बरंच काही. मी तो लेख बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. म्हटलं, “धोंडीराम, अरे, झिपरूला कळवायला पाहिजे. त्याच्या दुपारच्या झोपेतून एवढं अध्यात्म निघालं.” धोंडीराम हसला आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “पन सरांनी बरोबर वळखलंय हां. आपन जे केलं ते सगळं त्यांना दिसलंय. फक्त मानूस दुसरा दिसला.” त्याच्या आवाजात कौतुक होतं. आपलं गाणं कोणालातरी बारकाईनं कळलं, याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. त्या एका वाक्यानं मला त्याची जेवढी कीव आली तेवढी पुढे कधी आली नाही.

पुण्या-मुंबईचे गवई त्या चिजा गायला लागले. कॅसेट निघाल्या. धोंडीरामालाही मान मिळाला, नाही असं नाही. त्याला ‘बुवांच्या रचनांचे जतनकर्ते’ म्हणून शाल-नारळ मिळू लागले. कोणी नवा गायक चिजा शिकायला आला की मोहिनीताई त्याला सिडकोत धाडायच्या. मीना सगळ्यांना पोहे करून घालायची आणि स्वयंपाकघरात मला म्हणायची, “भाऊजी, घरात स्वतःचं पोर असून त्याला दुसऱ्याचं म्हणून मिरवायचं. मला नाय बघवत.” वेदिका मोठी होत होती, वडिलांकडेच शिकत होती. तिनं लहानपणीच विचारलं होतं, ह्या चिजा कोणाच्या? धोंडीराम घरात खोटं बोलत नसे. “माझ्या,” तो म्हणाला, “पन बाहेर बुवांच्या म्हनायचं.” पोर तसं म्हणत राहिली. घरात एक, दारात एक.

नव्याण्णव साली मी हट्टाला पेटलो. एका म्युझिक सर्कलच्या सचिवांना गाठून धोंडीरामाची बैठक ठरवली, स्वतःच्या रचनांची. तो तयार नव्हता. गुरूनं नाव दिलेलं नाही, हेच पालुपद. मी म्हटलं, गुरू वर गेला, आता तो काही पोस्टानं नाव पाठवणार नाही. शेवटी त्यानं तीन नव्या चिजा बांधल्या आणि अंतऱ्यात आईबापानं ठेवलेलं नाव घातलं. त्या बैठकीत मी साथीला होतो. चिजा उत्तम होत्या, ‘दिन ढलत’पेक्षा चांगल्या. पण ‘कहत धोंडीराम’ असे शब्द आले आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कोणी खुसखुसलं. नरहरदास चालतं, धोंडीराम चालत नाही. चांदवडच्या कांद्याच्या वखारीतलं नाव भीमपलासात कसं बसणार? मला तबला उचलून त्या रांगेवर फेकावासा वाटला.

बैठकीनंतर वैशंपायन सर चहाचा कप घेऊन आले. अतिशय प्रेमानं त्यांनी धोंडीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. “गांगुर्डे, राग मानू नका. मेहनत दिसते. पण ही बुवांची नक्कल झाली. तेच मंद्रात उतरणं, तेच थांबणं. बुवांच्या चिजेत ते आतून येतं, तुमच्यात ते बाहेरून लावल्यासारखं वाटतं. रचना करणं हा तुमचा पिंड नाही. तुम्ही जतन करा. तेही मोठं काम आहे.” धोंडीराम म्हणाला, “व्हय सर.” सर गेल्यावर तो बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि तोंडावर रुमाल धरून हुंदके देऊन रडला. आडव्या अंगाचा माणूस रडायला लागला की कुठं बघावं ते कळत नाही.

त्यानंतर त्याचं बांधणं थांबलं. बांधायला बसला की दोनच वाटा. आपल्या स्वभावानं बांधलं तर ते बुवांची नक्कल. वेगळं बांधलं तर ते त्याचंच नाही. त्यानं एकदा अंतरा वर चढवून बघितला. झिपरू तोवर घर सोडून गेला होता, आता कोणी दार वाजवणार नव्हतं. पण वरचे सूर त्याच्या अंगाला लागेनात. “उसन्या चपला घातल्यावानी होतं,” म्हणाला, आणि तंबोऱ्याला गवसणी घातली. माणूस कोंडला जातो म्हणजे कुलूप लावून कोंडला जातो असं आपल्याला वाटतं. याला तर त्याच्याच गाण्यानं सगळीकडून घेरलं होतं, आणि रोज दुपारी चारच्या बसनं घरी येऊन तो त्या गाण्याची पोरांना तालीम देत होता.

कुंभमेळ्याच्या साली, दोन हजार तीनमध्ये, त्यानं मनाचा हिय्या केला. पंचवटीत गाड्या बंद होत्या, जिकडेतिकडे बांबूचे अडसर. आम्ही दोघं चालत मोहिनीताईंकडे गेलो. त्यानं मला बरोबर नेलं ते साक्षीदार म्हणून. ताई आता साठीच्या पुढे होत्या, गुडघे गेले होते. बुवांच्या तसबिरीखाली आरामखुर्चीत बसल्या होत्या. धोंडीरामानं जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. एकही चीज बुवांची नाही, सगळ्या माझ्या. मी चुकलो. आता तुम्ही सांगाल ते करतो.

मोहिनीताई जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “मला माहीत आहे.”

धोंडीरामानं जमिनीवरची नजर वर केली.

“पहिल्या वर्षी खरंच वाटलं होतं, बाबांची आहे. दुसऱ्या वर्षी कळलं. बाबा मंद्रात कधी गेलेच नाहीत हो. जन्मभर त्यांच्यामागे तंबोरा धरला मी, मला कळणार नाही?”

मी म्हटलं, “मग ताई, तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. धोंडीरामाला म्हणाल्या, “बाबा गेले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. जिवंतपणीच लोक त्यांना विसरले होते. तुमच्या चिजांनी त्यांना परत आणलं. आज मुंबईचे लोक त्यांचं नाव घेतात. दुसरं काय आहे माझ्याजवळ? नवरा नाही, मूल नाही. हे नाव आहे. तुम्ही आता सांगितलंत, तर लोक म्हणतील, म्हातारीनं बापाच्या नावावर दुकान चालवलं. बाबांनाही हसतील.” मग हात जोडून म्हणाल्या, “मी आहे तोवर नको, धोंडीराम. मग काय ते करा.”

गुरूची मुलगी हात जोडते म्हटल्यावर धोंडीरामाचं काय चालणार? त्यानं बुवांच्या तसबिरीला हात लावून शब्द दिला. मला ताईंचा संताप आला होता, पण त्यांचं बोलणं खोटं होतं असंही मला म्हणता येईना. परत येताना धोंडीराम म्हणाला, “इतकी वर्षं वाटत होतं, सांगितलं की सुटलो. आता सांगून झालं.”

पुढच्या वर्षापासून मोहिनीताईंनी बुवांच्या पुण्यतिथीला तरुणांसाठी स्पर्धा सुरू केली. नियम असा, की स्पर्धकानं बुवांची एक रचना गायलीच पाहिजे, आणि गाण्याआधी राग, ताल आणि रचनाकार सांगायचा. दोन हजार सहा साली वेदिकानं नाव दिलं. अकरावी झाली होती, आवाज बापापेक्षा कितीतरी गोड, आणि बापाजवळ नसलेली एक गोष्ट तिच्याजवळ होती, ती म्हणजे तोंड. धोंडीराम नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. साथीला मी होतो.

सभागृह भरलं होतं. परीक्षकांच्या टेबलावर मधोमध वैशंपायन सर. पहिल्या रांगेत खुर्चीवर मोहिनीताई, त्यांच्या मागच्याच रांगेत धोंडीराम आणि मीना. वेदिका तंबोरा मांडीवर घेऊन बसली, माइकजवळ झाली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “राग भीमपलास, ताल तीनताल. रचना, माझे वडील, श्री. धोंडीराम गांगुर्डे.”

माझा हात तबल्यावर तसाच राहिला. सभागृहात आधी कुजबुज, मग हसू. पोरगी गोंधळली असं लोकांना वाटलं. वैशंपायन सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाळ, पुन्हा सांग. ही नरहरबुवांची रचना आहे.”

“नाही सर. माझ्या वडिलांची आहे. बुवांच्या नावावर गायलेल्या सगळ्याच त्यांच्या आहेत.”

आता कोणी हसत नव्हतं. सरांचा चेहरा कडक झाला. “हे बघ, मुली, आपल्या वडिलांचा अभिमान असावा. पण दिवंगत गुरूच्या कामावर हक्क सांगणं ही लहान गोष्ट नाही. हे तुला कोणी शिकवलं?” वेदिका खाली बघेना. सरांनी मान वळवली. “गांगुर्डे, तुम्ही इथं आहात. तुम्हीच सांगा. ही चीज कोणाची?”

मी धोंडीरामाकडे बघितलं. खरं सांगतो, मला वाटलं, आता सुटका झाली. एवढी वर्षं जे त्याला बोलता आलं नाही ते पोरीनं बोलून दिलं होतं. त्यानं फक्त होय म्हणायचं होतं. धोंडीराम उभा राहिला. त्यानं मोहिनीताईंकडे बघितलं. ताई मागे वळल्या होत्या, दोघांची नजर एक झाली. एक शब्द त्या बोलल्या असत्या तर. मी मनात देवाचा धावा करत होतो, की बाई, बोल. ताईंनी पुढे वळून मान खाली घातली आणि पदर सारखा केला.

मी बोलायला तोंड उघडलं. धोंडीरामानं तिथूनच मला हात जोडले.

मग तो म्हणाला, “चीज बुवांची हाय सर. पोरगी लहान हाय. चुकली.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. आधी दोघं-चौघं, मग सगळे. वैशंपायन सर उभे राहून वाजवत होते. माइक घेऊन म्हणाले, “पोटच्या मुलीपुढेही जो खरं बोलतो, असा शिष्य बुवांना लाभला.” मीना तेवढी उठली आणि टाळ्या चालू असतानाच बाहेर निघून गेली.

वेदिकाला पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं, “रचना, पंडित नरहरबुवा मुल्हेरकर,” आणि गायली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मी ठेका दिला, दुसरं काय करणार होतो? तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बेशिस्तीचे गुण कापले, नाहीतर पहिली आली असती, असं सरांनी मला मुद्दाम सांगितलं.

बाहेर रस्त्यावर धोंडीराम स्कूटर काढून उभा होता. मीना मिळेल त्या रिक्षानं पुढे गेली होती. वेदिका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “पप्पा, मी खोटं बोलले का?”

“नाय बाळा. तू खरं बोललीस.”

“मग तिथं का नाही सांगितलं?”

धोंडीराम स्कूटरच्या मुठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “तिथं सांगितलं असतं, तर मोहिनीताईंनी या वयात कुठं तोंड दाखवलं असतं?”

“आणि मी?” वेदिका म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग स्कूटरला किक मारली. वेदिका त्याच्या मागे बसली नाही. ती माझ्या लुनावर येऊन बसली आणि म्हणाली, “काका, चला.” सिडकोपर्यंत धोंडीराम आमच्यापुढे चालला होता, अगदी हळू, मागे कोणी बसलंय असं समजून चालवावी तशी.